सत्तेचाळिसावा प्रश्न

कोको मी सांडला. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण आमच्या कचेरीत आजही ही गोष्ट निघाली की कुणाचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नसतं, हातातल्या मगाकडे असतं.

मग चांगला तांब्याएवढा होता. आणि कोको आमच्या बेटावरचा. त्याच्या तळाशी भाजलेल्या बियांचा चोथा असा बसतो की वरचं अर्धं प्यायचं आणि खालचं अर्धं चावायचं. तो सबंध ऐवज, प्यायचा आणि चावायचा दोन्ही, ब्रूनिंगच्या कारखान्यातून आलेल्या हजेरीच्या मस्टरांवर गेला. अकरा वर्षांची अकरा मस्टरं टेबलावर एकावर एक रचलेली होती. वरच्या तिघांनी सगळा मारा अंगावर घेतला आणि खालच्या आठांना वाचवलं.

"हलू नकोस," तिना म्हणाली.

मी हललो नाही.

"हात वर. मागे हो. अजून मागे. भिंत लागली? आता तिथंच उभा राहा, आणि श्वास घेण्यापलीकडे काही करू नकोस, वकीलबुवा."

मग तिनं तिन्ही मस्टरांच्या दोऱ्या सोडल्या, पान न् पान सुटं केलं, बाळाचं अंग टिपावं तसं टॉवेलनं टिपलं आणि मागच्या गॅलरीत दोरी बांधून चिमट्यांनी लटकवलं. संध्याकाळपर्यंत एका कारखान्याची तीन वर्षं आमच्या गॅलरीत वाळत पडली होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वर बघून विचारलंसुद्धा, "काय हो, वकिलांनी आता धुणं घ्यायला सुरुवात केली का?"

"ही पानं मीच उतरवणार," तिना मला म्हणाली. "तू हात लावायचा नाहीस."

माझ्या हातांवर तिचा विश्वास नाही, असं मी समजलो. तसा तो नव्हताच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला अकरा दिवसांनी कळलं.

तिचं नाव फुआतिनो. पण आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला तिना म्हणतात, आणि आपियाच्या, आमच्या राजधानीच्या, बाजारपेठेतल्या निम्म्या लोकांची ती तिना होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कचेरी. साकारिया हे मालक. मी त्यांचा नवा वकील, वेलिंग्टनला कायदा शिकून आलेला, नाव अलापाती. आणि चोवीस वर्षं तिथं बसलेली तिना. हुद्दा कारकुनाचा, पण साकारियासुद्धा जिना चढून आले की आधी तिच्या तोंडाकडे बघत आणि मग दिवस कसा आहे ते ठरवत.

बाई आडव्या बांध्याची. घोट्यापर्यंत निळा झगा, कानामागे पांढरं फूल आणि हातात काळी, मोठी, पुरुषी छत्री. तिच्या एका काडीचं टोक कापडाबाहेर आलेलं होतं. ती फुटपाथच्या मधोमध चाले आणि त्या काडीच्या धाकानं समोरून येणारे दोन्ही बाजूंना होत.

साकारियांनी एकदा लोखंडी कपाट आणलं, फायली अक्षरांप्रमाणे लावायला. तिनानं त्यात उकडलेला अळकंद आणि केळी ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून. फायली तिनं घराण्यांप्रमाणेच लावल्या. कुणाचा मेहुणा कोण, कोणत्या चुलत्यानं कोणत्या पुतण्याची जमीन दाबली, हे ज्याला ठाऊक त्यालाच फाईल सापडे, आणि ठाऊक असलेलं माणूस एकच. आमच्याकडे गावानं एखाद्याला पदवी दिली की त्याचं नावच बदलतं. कोर्टात जुन्या नावानं पडलेला दावा नव्या नावानं शोधला तर सापडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वकिलांनी एका माणसाचं नाव यंत्रात घालून 'एकही खटला नाही' असं कळवलं होतं. तिना छत्री घेऊन कोर्टात गेली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचे तीन खटले घेऊन आली, त्यातला एक तर त्याच्या स्वतःच्या आईनं लावलेला.

तिचं 'आहे' म्हणजे आहे आणि 'नाही' म्हणजे नाही. चोवीस वर्षांत तिच्या हातून चुकीचं 'नाही' गेलेलं नव्हतं.

खोड एकच. दर सोमवारी ती तासभर उशिरा येई. मंगळवार ते शुक्रवार तिच्या पावलांवर घड्याळ लावावं, आणि सोमवारी नऊ. मी पाच मिनिटं उशिरा आलो तर जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलणारे साकारिया यावर चकार शब्द काढत नसत.

"काय तिना," मी एकदा चेष्टेनं म्हणालो होतो, "रविवारचं जेवण अजून उतरलं नाही वाटतं?"

"उतरलं की," ती म्हणाली. "आता पोट तुझ्या डोक्यासारखं रिकामं आहे."

तर ब्रूनिंगचा कारखाना. आपियापासून बसनं पाऊण तासावर वाइलोतो नावाचं गाव आहे, तिथं नारळाचं दूध डब्यांत भरतात. म्हातारा ब्रूनिंग अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. पणजोबा जर्मन, बाकी सगळा आमचाच. मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा इस्पितळात नळ्या लावून पडायचं. मुलांना कारखान्यात रस नव्हता. ब्रिस्बेनची एक खाद्यपदार्थांची कंपनी तो विकत घ्यायला तयार झाली.

परदेशात कंपनी घेणं म्हणजे परगावात सोयरीक करणं. मुलगी दिसायला छान, घर छान, पण गावात चार ठिकाणी विचारून घ्यावं लागतं. दात खरे आहेत ना, आधीचं कुठं काही ठरलं होतं का, घरात कुणी वेडं आहे का. ब्रिस्बेनच्या वकिलांनी हे विचारायचं काम आम्हाला दिलं आणि सोबत एकशे बारा प्रश्नांची यादी पाठवली. जमीन कुणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा, खटले किती, सांडपाणी कुठं जातं. कारखान्याचे सगळे कागद बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत भरून आमच्या जिन्यानं वर आले. एकशे बारापैकी नव्वद प्रश्नांची उत्तरं तिनानंच लिहिली.

त्यातला सत्तेचाळिसावा असा: 'कागदावर नसलेलं, परंतु तोंडी शब्दानं अथवा स्थानिक रिवाजानं कंपनीनं पत्करलेलं एखादं बंधन आहे काय?'

तिनानं तिच्या तिरक्या अक्षरात उत्तर लिहिलं होतं: नाही.

गुरुवारी मी कोको सांडला. सोमवारी सकाळी आठ वाजता मी एकटाच होतो. पानं कडकडीत वाळली होती. सांडणाऱ्यानंच आवरावं, तिना येईपर्यंत पानं क्रमानं लावून ठेवावीत आणि जन्मात एकदा तिची शाबासकी घ्यावी, असा माझा बेत. लावता लावता वाचायला लागलो.

कारखान्यात एकशे सात माणसं. आमच्याकडच्या मस्टरात काय असणार ते ठरलेलंच. रविवारी चर्च, चर्चनंतर भट्टीतलं जेवण, जेवणानंतर झोप, आणि सोमवारच्या खान्यात फुल्यांची रांग. कुणाची आजी वारली, चार महिन्यांनी त्याचीच तीच आजी पुन्हा वारली. पण पटाच्या शेवटी चार नावं अशी होती की त्यांचा एकही खाडा नाही. सोमवारी नाही, नाताळच्या आदल्या दिवशी नाही, वादळानं अर्धं बेट पाण्यात गेलं त्या आठवड्यात नाही. खालची आठ मस्टरंही मी उघडली. अकरा वर्षांत एकही खाडा नाही. आमच्या बेटावर हे माणसाचं लक्षण नव्हे.

आणि शोधलं तर ती माणसं नव्हतीच. निवृत्तिनिधीच्या यादीत चौघांची खाती अकरा वर्षांपूर्वी बंद झालेली. कारण: मृत्यू. महिना चौघांचा एकच.

मी खुर्चीवरून उडालो. सुदैवानं या वेळी जवळ मग नव्हता. मेलेली माणसं पटावर जिवंत दाखवायची आणि त्यांचा पगार खायचा, हा जगभरच्या कारखान्यांतला जुना उद्योग. वेलिंग्टनला आम्हाला त्यावर एक सबंध व्याख्यान होतं. एवढी मोठी लबाडी, आणि ती मी, सांडणाऱ्या अलापातीनं, पकडलेली! चार नावांतल्या पहिल्या नावावरून माझी नजर दहादा गेली असेल: एतुआते. आमच्याकडे आडनाव म्हणजे बापाचं नाव, आणि तेही पुढं लिहिलेलं होतं. तिनाच्या नवऱ्याचं नाव काय होतं, हे दोन वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

नऊ वाजता तिना आली. रचून ठेवलेली पानं बघून उभी राहिली.

"तू लावलीस?"

"हो."

"वाचलीस?"

"छे," मी म्हणालो.

तिनं दोरी ओवली आणि अशी गाठ मारली की पुढं कुणाला ती सुरीशिवाय सोडवता आली नसती.

मला चोर हजेरीच्या वेळीच पकडायचा होता. तो आठवडा भाडेपट्ट्याच्या कागदांसाठी पलीकडच्या बेटावर गेला. पुढच्या सोमवारी कचेरीची पिकअप काढून मी सातच्या आत वाइलोतोला पोचलो आणि एका ट्रकच्या आडोशाला उभा राहिलो.

अंगणात माणसं जमली होती. रबरी बूट, डोक्याला जाळ्या. मुकादम एका पिंपावर मस्टर ठेवून, कोंबड्या हाकाव्यात तशी नावं हाकत होता. इकडून 'हजर', तिकडून 'हजर', मधेच 'आला नाही, त्याची आजी वारली', त्यावर हशा. एकशे तीन नावं झाली. मग मुकादम थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. अंगण गप्प झालं.

"एतुआते," तो म्हणाला, सावकाश.

"हजर," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. तिशी-पस्तिशीची असेल. नजर समोर, हात सरळ.

दुसऱ्या नावाला एक म्हातारा म्हणाला, हजर. तिसऱ्याला एक लंगडा माणूस. चौथ्याला केसांची जाळी नीट करत एक मुलगी. कुणी हसलं नाही, कुणी पाय हलवला नाही. मग टोपी पुन्हा डोक्यावर गेली, भोंगा झाला आणि माणसं आत निघाली.

माझ्या हातात वही होती. त्यात मी 'चोरी' असा मथळा आदल्या दिवशीच लिहून आणला होता. मी वही मिटली आणि वळलो.

रस्त्यापलीकडे फणसासारख्या फळांचं आमचं ब्रेडफ्रूटचं झाड आहे. त्याखाली काळी छत्री होती. एका काडीचं टोक बाहेर आलेलं.

तिनानं मला पाहिलं. दचकली वगैरे नाही. छत्री मिटली, आणि पुढच्या बसची वाट बघत तिथल्या दगडावर बसायला लागली. मी पिकअप समोर नेऊन उभी केली.

"चल तिना, सोडतो."

"तू गाडी तरी नीट चालवतोस का?" ती म्हणाली, पण चढली.

गाव मागं पडलं. मग मीच म्हणालो, "एतुआते..."

"माझा थोरला."

"आणि ती हजर म्हणाली ती?"

"तालोसिया. त्याची बायको. दोन मुली आहेत." थोडं अंतर गेल्यावर पुढं म्हणाली, "बॉयलर फुटला तेव्हा धाकटी पोटात होती. तिनं बाप बघितला नाही, पण त्याचं नाव रोज पुकारतात हे तिला माहीत आहे. बाप कामावर गेलाय, असं ती बरीच मोठी होईपर्यंत सांगायची. मी मग वाइलोतो सोडलं, भावाकडे गेले. तिथून बस येते ती याच रस्त्यानं. सोमवारी उतरते. एकदा कानानं ऐकलं की आठवडा जातो."

मला दोन वर्षांपूर्वीची माझी चेष्टा आठवली आणि मी उगाच गिअर बदलला.

"तू आता लिहिणार," ती म्हणाली.

"सत्तेचाळिसावा प्रश्न आहे, तिना."

"त्याचं उत्तर दिलंय मी."

"'नाही' असं दिलंयस."

"मग? नाहीच आहे. बंधन असतं तर म्हाताऱ्यानं कधीच मोडलं असतं. बंधनं मोडून द्यायला तुमच्यासारखे वकील मिळतात."

"पण म्हातारा कारखाना विकतोय. नवा मालक येईल, त्याला कोण सांगणार? आणि त्यानं का ऐकावं?"

"मुकादम सांगेल. मुकादमानं नाही सांगितलं तर गाव सांगेल. नवा माणूस चार महिने विचारेल, हे काय, ही बाई पुरुषाच्या नावाला हजर का म्हणते. मग एक दिवस तोही टोपी काढेल. सगळे असेच शिकतात. मुकादमही नवाच आहे."

मी कचेरीत गेलो तो थेट साकारियांच्या खोलीत. मस्टराचं नाव काढताच त्यांनी दार लावून घेतलं.

"ब्रूनिंगनं गावापुढं माफी मागायला घातलेली ईफोगा मी डोळ्यांनी पाहिली आहे," ते म्हणाले. "माझं सासर वाइलोतोचं. अपघाताच्या चौथ्या दिवशी, उजाडायच्या आत, ब्रूनिंग गावाच्या मोठ्या घरासमोर येऊन बसला. तो, त्याचा भाऊ, इंजिनियर. गुडघ्यांवर, डोकं खाली, आणि वरून पांघरलेली घरातली सगळ्यात जुनी, बारीक विणीची चटई. चार पोरांचे चुलते तिथं दगड घेऊन उभे होते. मारलं असतं तर कुणी अडवलं नसतं. गावाच्या प्रमुखांनी सांगितलं, चार आया ठरवतील. तिघींनी सूर्य वर यायच्या आत मान हलवली. चौथी दहा वाजेपर्यंत बसून होती."

"तिना."

"कुणाची छाती होती तिला काही बोलायची? ऊन तापलं. चटईखाली म्हातारा एका अंगावर कलला, तरी बाहेर आला नाही. मग ती उठली. आम्हाला वाटलं, आता ही दगड घेणार. तिनं चटईचं टोक धरलं आणि त्याच्या डोक्यावरून काढली. एवढंच. तेव्हा म्हातारा रडत रडत बोलला, हा कारखाना धूर टाकतोय तोवर या चौघांची नावं पुकारली जातील, आणि त्यांच्या घरचं माणूस त्यांच्या जागेवर उभं राहील. कुणी लिहून घेतलं नाही. ज्याला क्षमा केली त्याच्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे चटई पुन्हा त्याच्या डोक्यावर टाकायची."

"मग आपणही लिहू नये?"

साकारियांनी वर पंख्याकडे बघितलं. "तुला कळलं नसतं तर तिनाचं 'नाही' मी डोळे झाकून पाठवलं असतं. चोवीस वर्षं पाठवतोय. पण तुला कळलं, आणि तू मला सांगितलंस. आपलं गिऱ्हाईक ब्रिस्बेनला आहे पोरा, वाइलोतोत नाही. आता लपवलं तर दोघांच्या सनदा जातील." मग म्हणाले, "कोको पिऊ नकोस म्हणून मी तुला किती वेळा सांगितलं होतं?"

त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं.

मी लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना मला बरंच वाटत होतं. कागदावर आलेली गोष्ट सुरक्षित होते, असं मला शिकवलेलं. मी नुसतं बंधन लिहिलं नाही, खाली शिफारसही केली: खरेदीदारानं हे वचन लेखी पत्करावं, चार जागा कायम ठेवाव्यात, गावाशी संबंध चांगले राहतील, कंपनीचाही फायदा आहे. दोन पानं झाली. इतकं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. तालोसियाची जागा आणि एतुआतेचं नाव, दोन्हीला आता कायद्याचं छप्पर मिळणार, अशी माझी समजूत.

आमच्याकडे टाइप करायचं काम तिनाचं. मी स्वतः करतो म्हणालो, तर तिनं माझ्या हातून कागद घेतले.

"तुझ्या टायपिंगला ब्रिस्बेन हसतं," ती म्हणाली.

ती टाइप करत बसली आणि मी खिडकीपाशी उभा राहून हार्डवेअरच्या दुकानात येणारी माणसं मोजत बसलो. एकदाच आवाज थांबला.

"इथं चौदा तारीख लिहिलीयस."

"निधीच्या यादीत चौदा आहे."

"तेरा," ती म्हणाली. "चौदाला पुरला." आणि दुरुस्त करून पुढं टाइप करायला लागली.

दोन्ही पानं तिनं नीट जोडून माझ्यासमोर ठेवली. एकही चूक नव्हती.

ब्रिस्बेनहून उत्तर आलं ते फोनवर. तिथल्या वकीलबाई, ऑल्डरटन, बोलायला फार गोड. आधी आमच्याकडचं हवामान विचारलं, मग माझं कौतुक केलं. म्हणाल्या, ही गोष्ट सापडली नसती तर उद्या केवढा घोळ झाला असता, तुमच्यासारखा बारकाईनं बघणारा माणूस तिथं आहे हे आमचं नशीब. मी विचारलं, मग वचन लेखी घ्यायचं ना? त्या हसल्या, वाईट मनानं नव्हे. ज्याला शेवट नाही असं वचन कुणी विकत घेत नाही, म्हणाल्या. दोन दिवसांनी कराराचा मसुदा आला. त्यात नववी अट नवी होती. ताबा देण्यापूर्वी विक्रेत्यानं ही चार नावं पटावरून काढून टाकावीत, त्या नावांवर कामाला असलेल्या चौघांना मुक्त करावं, आणि यापुढं कारखान्यावर असं कोणतंही बंधन उरलेलं नाही, असं लिहून द्यावं.

माझीच दोन पानं होती ती. माझेच शब्द, माझीच नावं, तिनानं दुरुस्त केलेली तारीखसुद्धा. फक्त शिफारस काढून तिथं अट बसवली होती.

मी कायद्याची पुस्तकं खाली काढली. अशा अपघाताचा दावा लावायची मुदत सहा वर्षांची. ज्या वर्षांत दावा लावायचा, त्या वर्षांत या लोकांनी क्षमा केली होती. मुदत संपून पाच वर्षं झाली होती. पुस्तकं मी परत वर ठेवली.

म्हातारा ब्रूनिंग सही करायला आला तेव्हा त्याला दोघांनी धरून जिना चढवला. साकारियांच्या खोलीत न जाता तो तिनाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला. दंडावर नळीच्या जागी कापूस लावलेला होता.

"फुआतिनो," तो म्हणाला, "मी काय करू सांग. मी नाही म्हणतो त्यांना."

"आणि मग? कारखाना तुमच्याबरोबर इस्पितळात नेणार? बाकीच्या एकशेतीन जणांनी काय खायचं?"

"मी पुन्हा येऊन बसतो. चटई आहे अजून."

"गुडघे आहेत का?" ती म्हणाली.

म्हातारा रडायला लागला. तिनानं त्याच्यासमोर करार सरकवला, पानं उलटून सहीची जागा काढून दिली.

"मनगट टेबलाला टेकवा," ती म्हणाली. "हां. आता करा."

त्यानं केली. साक्षीदार म्हणून खाली तिची सही आहे. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, चोवीस वर्षं या कचेरीत साक्षीदार मीच असते.

ताबा त्या महिन्याच्या अखेरीस गेला. नव्या कंपनीनं चौघांपैकी तिघांना त्यांच्या स्वतःच्या नावानं घेतलं, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. तालोसियाला म्हणे जागा नव्हती. ती न्यूझीलंडला सफरचंदं तोडायच्या कामावर गेली, सात महिन्यांसाठी. दोन्ही मुली तिनाकडे राहायला आल्या. धाकटीनं बापाच्या नावाचं विचारलं की नाही, मला माहीत नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही.

ताब्यानंतरचा पहिला सोमवार. मी साडेसातलाच येऊन बसलो होतो. आठवडाभर मनात जुळवलेली वाक्यं पुन्हा जुळवत होतो. आमच्यात माफी मागायची रीत आहे, घराणं सोबत लागतं, चटई लागते. माझ्याकडे वेलिंग्टनची पदवी होती आणि एक मग होता. तो मी खाली धुऊन पालथा घालून ठेवला होता.

आठला पाच कमी असताना जिन्यावर छत्रीचा आवाज आला. टक, टक, टक. मी घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे. अकरा वर्षांत कोणी बघितलं नसेल ते मी बघत होतो.

तिना आत आली. छत्री कोपऱ्यात लावली, कानामागचं फूल नीट केलं आणि टेबलाशी बसली. टेबलावर ब्रिस्बेनचं नवं पाकीट होतं. ऑल्डरटनबाई आमच्या कामावर इतक्या खूश झाल्या होत्या की त्यांनी दुसरं काम लगेच पाठवलं होतं. बंदरातली मासे गोठवण्याची कंपनी, घेणारे वेगळे, प्रश्नांची यादी तीच. एकशे बारा.

तिनानं पाकीट फोडलं, यादी सपाट केली, पेनाचं टोपण काढलं. मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"तिना," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करशील?"

ती यादीवरून बोट खाली नेत होती. पान उलटलं. बोट एका ठिकाणी थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आधी हे सांग, सत्तेचाळीसला काय लिहू?"